नको म्हणायच्या आधी

सुजाता मगदूमच्या खानावळीत 'नको' या शब्दाला कुणी भीक घालत नसे. मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत तिची सहा टेबलांची खानावळ होती आणि जेवायला येणारे बहुतेक पेशंटचे नातेवाईक असत. कुणाचा बाप अतिदक्षता विभागात, कुणाच्या बायकोचं ऑपरेशन उद्यावर ढकललेलं. अशी माणसं ताटावर बसून दोन घास चिवडत आणि 'नको अक्का, बास' म्हणत. सुजाता 'बरं' म्हणायची आणि भाकरी वाढायची. दुसऱ्यांदा नको आलं की त्या भाकरीवर आमटी पडायची. तिसऱ्यांदा म्हणायला बहुतेकांचं तोंड मोकळं राहत नसे.

तिची एकुलती एक मुलगी ईशानी हे बघतच मोठी झाली. वडील ती चार वर्षांची असताना गेले, तेव्हापासून मायलेकी आणि ती सहा टेबलं एवढाच त्यांचा संसार. शाळेतून आली की ईशानी दप्तर भिरकावून पाण्याचे जग भरायची आणि कोण पोट भरलं म्हणून नको म्हणतंय, कोण नुसतंच भिडेपोटी, हे लांबून ओळखायचा खेळ खेळायची. पुढे तिने हॉटेल मॅनेजमेंटला प्रवेश घेतला तेव्हा गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. सुजाताला मात्र एक कोडं सुटेना. माणसाला जेवायला वाढायचं, हे शिकायला चार वर्षं कशाला लागतात?

खरं तर चारही पुरत नव्हती. मोठ्या हॉटेलांतली निम्मीअधिक कामं तोवर यंत्रांनी गिळली होती. पाहुणा आत आला की दारच त्याला ओळखायचं, बॅगा चाकांवरून आपापल्या मजल्यावर जायच्या आणि स्वयंपाकघरात पोलादी हात डोळ्यांत पाणी न आणता मणभर कांदा चिरायचे. माणूस उरला होता तो एकाच कामापुरता, पाहुण्याच्या मनातलं ओळखायला. आणि नेमकं तेच पदवीधरांना येत नाही, अशी हॉटेलवाल्यांची ओरड होती. पोरं पहिल्या वर्गात पास होतात, पण समोरचा वैतागलाय हे त्यांना तो ओरडल्यावर कळतं. मग त्यांना पुन्हा सहा महिने आम्हीच शिकवायचं का? या ओरडीवर उपाय म्हणून शेवटच्या वर्षाला 'चाहूल' आली. तिच्या परीक्षेत जो आकडा मिळे त्याला सज्जतांक म्हणत. सज्जतांक पंच्याऐंशीच्या खाली असला तर मुलाखतीचं बोलावणंही येत नसे.

चाहूल म्हणजे दोन वस्तू. एक साधा दिसणारा चष्मा आणि कानामागे चिकटवायची बोटभर पट्टी. वाईजवळच्या तिच्या कॉलेजात पहिल्या तासाला रेगे मॅडमनी ती समजावून सांगितली. मॅडम स्वतः चाहुलीच्या अगदी पहिल्या तुकडीतल्या. चाळिशीच्या, नीटनेटक्या, आणि वर्गात कुणाला शंका आली की त्याने हात वर करायच्या आत त्याच्याकडे वळणाऱ्या.

माणूस बोलायच्या आधी त्याचं शरीर बोलून मोकळं होतं, असं त्या म्हणाल्या. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर चेहऱ्याच्या कातडीचा रंग किंचित बदलतो. नाकपुड्या केसभर रुंदावतात. शब्द तोंडात येण्याआधी गळ्याचे स्नायू त्याची तयारी करतात, आणि शब्द गिळला तरी ती तयारी लपत नाही. हे सगळं आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतं, पण मेंदू ते कचरा समजून टाकून देतो. चष्म्यातला कॅमेरा टाकत नाही. समोरच्याला या क्षणी काय हवंय ते यंत्र त्यावरून ठरवतं आणि पट्टी कानामागे टिचकी मारते. टिचकीच्या जागा चारच. खाली लागली तर जवळ जा, वर लागली तर दूर हो. पुढे लागली तर दे, मागे लागली तर घेऊन जा. विद्यार्थ्याने बरोबर तेच केलं की पट्टी जराशी उबदार होते आणि जिवाला बरं वाटतं.

खरी गंमत त्यापुढे होती. आंधळा माणूस काठीने रस्ता चाचपतो तेव्हा त्याला हातातली मूठ जाणवत नाही, काठीच्या टोकाखालचा दगड जाणवतो. मधली काठी मेंदू विसरून जातो. तशीच टिचकी आणि चेहरा यांची सांगड काही हजार वेळा घातली गेली की मेंदू त्या बारीक खुणा स्वतःच वाचायला लागतो. टिचकी नकोशी होते. एवढं व्हायला चौदा आठवडे लागत.

पहिले काही आठवडे ईशानी वर्गात सगळ्यांत मागे होती. सरावासाठी वाईतली निवृत्त मंडळी पाहुणे म्हणून बसवत. त्यांना आधी चिठ्ठी दिली जायची: मनात चहा ठेवा, तोंडाने काही नको म्हणा, किंवा आता उठून जावंसं वाटू द्या, तोंडाने गप्पा मारत राहा. आजीआजोबांना यात भारी मजा येई. ईशानीचं व्हायचं असं, की 'नको' ऐकू आलं की हात सवयीने पुढे जायचा. पट्टी मागे टिचकी मारत राहायची आणि ही बशीत आणखी एक वडी ठेवून मोकळी. तिचे बावन्न गुण बघून रेगे मॅडमनी तिला बाजूला घेतलं.

"तू शब्दाशी भांडतेस," त्या म्हणाल्या. "शब्द सोडून दे. तो नुसता सभ्यपणा असतो. माणूस आत असतो."

तिने शब्द सोडून दिला. सातव्या आठवड्यात ती सत्तरीवर गेली, नवव्यात अठ्ठ्याऐंशीवर. पाहुण्याला तहान लागायच्या आत तिच्या हातात पेला असायचा. विचार मागून यायचा आणि हात आधीच जाऊन आलेला असायचा. ते इतकं सोपं होतं, की आजवर आपण आंधळ्यासारखे वावरत होतो याची तिला लाज वाटू लागली.

त्याच सुमारास कॉलेजच्या मेसमध्ये तिच्या एक गोष्ट लक्षात आली. शेवटच्या वर्षाची साठ मुलं तिथे दुपारी जेवायला बसत आणि चमच्यांच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नसे. मीठ मागावं लागत नव्हतं, ते आपोआप पुढ्यात यायचं. कुणाला एकटं बसायचं असलं की शेजारचे ताट उचलून निघून जायचे. कुणी कुणाची चेष्टा करत नव्हतं, कारण चेष्टा कुठे लागते ते आधीच दिसत होतं. पहिल्या वर्षाची मुलं दारातून डोकावायची आणि आपला डबा घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसायची.

तिची खोलीतली जोडीदारीण होती झीनत मुल्ला, इस्लामपूरची. एकेकाळी दोघी मिळून वसतिगृह डोक्यावर घ्यायच्या. आता त्यांचं बोलणंच संपत आलं होतं. एकीने दुसरीकडे बघितलं की दुसरीला कळायचं, आपल्याला कळलंय हे पहिलीला कळायचं, आणि मग बोलायचं काय राहतं? अकराव्या आठवड्यात झीनत चार दिवसांच्या सुट्टीवर घरी गेली आणि दुसऱ्याच दिवशी परत आली. ईशानीने विचारलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अब्बांना मी आवडत नाही," ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"कोणीच नाही म्हणालं."

एवढं बोलून तिने पुढचा कुर्ता घेतला. ईशानी क्षणभर घाबरली, पण लगेच तिने स्वतःची समजूत काढली. झीनतच्या घरचं काय ते झीनतला ठाऊक. आपल्या आईच्या मनात आपल्याविषयी काय असणार? तिथे बघायला भ्यायचं कशाला? उलट बघायची तिला घाईच झाली होती.

घाईला कारणही होतं. मायलेकींचा जुना बेत होता. ईशानीला नोकरी लागली की सुजाताने खानावळ बंद करायची आणि लेकीकडे राहायला जायचं. वीस वर्षं चुलीपुढे उभं राहून तिचे गुडघे पार गेले होते. ईशानी आठवीत असल्यापासून दोघी त्या घराच्या गोष्टी करत. खिडकी कुठे असेल, तुळस कुठे ठेवायची, सगळं ठरलेलं. चाहूल, सज्जतांक, नोकरी, हा सगळा आटापिटा ईशानीच्या दृष्टीने त्या खिडकीसाठी होता.

चौदावा आठवडा संपला. तिचा सज्जतांक शहाण्णव आला, कॉलेजात सर्वांत जास्त. महाबळेश्वरच्या एका मोठ्या हॉटेलने तिला घेतलं आणि राहायला आवारातच दोन खोल्यांचं घर देऊ केलं. रेगे मॅडमनी तिचा चष्मा आणि कानामागची पट्टी स्वतःच्या हाताने काढली. आता टिचकी नसणार म्हणून तिला जरा चुकल्यासारखं होईल का, असा प्रश्न तिच्या मनात येतोय तोच मॅडम हसल्या.

"पट्टी गेला महिनाभर बंदच आहे," त्या म्हणाल्या. "ज्या टिचक्या लागत होत्या, त्या तुझ्या तूच मारत होतीस."

दहा दिवसांची सुट्टी घेऊन ईशानी मिरजेला आली. आईला सोबत घेऊनच जायचं, असं ठरवून. रिक्षा गल्लीत शिरली तेव्हा सुजाता पदराला हात पुसत बाहेर आली, आणि तिच्या गळ्यापासून कपाळापर्यंत जे काही उजळत गेलं ते बघून ईशानीचे डोळे भरून आले. जवळ ये, जवळ ये, जवळ ये. कुणीही चिठ्ठी न देता. झीनतच्या बोलण्याला आपण उगाच घाबरलो, असं तिला वाटलं.

पहिले दोन दिवस आईला लेकीचं कोण कौतुक. चहाची तल्लफ यायच्या आत कप समोर, गुडघ्याला कळ लागायच्या आत तेलाची बाटली. गल्लीतल्या बायकांना तिने सांगून टाकलं, की असलं शिक्षण असेल तर चार काय, आठ वर्षं लागू देत. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तांदूळ निवडत होती आणि ईशानी सहज म्हणाली, "बाबा आठवले ना आत्ता?" सुजाताचा हात ताटात थांबला. आठवले होते, पण आठवायला लागून पुरता क्षणही झाला नव्हता. ती 'व्हय' म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली.

तिसऱ्या दिवशी जतकडचे एक गृहस्थ आले. मुलगा आत व्हेंटिलेटरवर. ईशानी वाढत होती. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि ताटावर आडवा हात धरला. "नको ताई."

तिच्या हातातली भाकरी थांबली आणि परत टोपलीत गेली. तिने थांबवली नव्हती, ती थांबली होती. कारण ते नको अगदी तळापासून होतं, घशापासून पोटापर्यंत त्यात कुठेही हो नव्हतं. गृहस्थांनी सुटल्यासारखा श्वास सोडला, हात जोडले आणि निघून गेले. तासाभराने दवाखान्याचा वॉर्डबॉय सांगत आला, की मघाशी इथे जेवायला आले होते ते पाहुणे जिन्यात चक्कर येऊन पडले, कपाळाला खोक पडलीय. सुजाताने डबा भरला आणि लंगडत दवाखाना गाठला. परत आली ती ईशानीसमोर येऊन उभी राहिली.

"वाढली का न्हाईस?"

"त्यांना खरंच नको होतं, आई. आतून नको होतं. मला दिसत होतं."

"आणि मला काय दिसत न्हवतं व्हय गं?" सुजाता म्हणाली. "वीस वर्षं बघालोय मी ह्या लोकांस्नी. ज्याचं पोर आत पडलंय त्याला भूक कुठनं लागंल? लागत न्हाई म्हणूनच वाढायचं असतंय. हवं असंल त्याला काय, कुणीबी वाढंल."

ईशानीला तोंडात मारल्यासारखं झालं. लहानपणी ती खेळ खेळायची तेव्हा तिला वाटायचं, की आई नकोच्या आतलं हो ओळखते. आईला आतलं नको सुद्धा दिसत होतं, कुठल्याही चष्म्याशिवाय, आणि ते बघूनही ती वाढत होती. असलं काही तिला चौदा आठवड्यांत कुणी शिकवलं नव्हतं. उद्यापासून आपणही तसंच करायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी एका बाईने नको म्हटलं, ईशानीने दात आवळून भाकरी पुढे नेली, आणि तिचं मनगट ताटावर पोचायच्या आत आपसूक मागे वळलं. तिने पुन्हा नेली. पुन्हा वळलं. ती बाई बघत राहिली. ईशानीने टोपली टेबलावर ठेवली आणि मोरीत जाऊन बराच वेळ हातावर पाणी सोडत बसली.

तिथवरचं निभावलंही असतं. बिनसलं ते बाबर अण्णांवरून.

बाबर अण्णा म्हणजे निवृत्त कंपाउंडर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. रोज दुपारी गर्दी ओसरली की खानावळीत येत, दाराजवळच्या टेबलाशी बसत, पेलाभर ताक पीत, पेपर वाचत आणि जात. सुजाताशी त्यांचं बोलणं म्हणजे 'आज ऊन हाय' आणि 'व्हय, हाय' एवढंच. पाचव्या दिवशी ते आले तेव्हा ईशानी आईच्या शेजारीच उभी होती. तिने बघितलं. आईच्या गळ्याशी एक ठोका चुकला, कानाच्या पाळ्या किंचित लाल झाल्या, आणि श्वास दाराच्या दिशेने गेला. जवळ. त्यांच्याही चेहऱ्यावर तेच. ही गोष्ट सुजाताने आजवर कुणाला सांगितली नव्हती. स्वतःलाही नाही.

ईशानीला काही विचारायची गरजच वाटली नाही. ती हसतमुखाने पुढे झाली, अण्णांची खुर्ची उचलून चुलीपाशी, आईच्या पाटापासून हातभर अंतरावर ठेवली, दोन पेले ताक शेजारी शेजारी मांडलं आणि "मी जरा कोपऱ्यावर जाऊन येते" म्हणत बाहेर पडली. महाबळेश्वरच्या हॉटेलात याला कुणी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

ती परत आली तेव्हा दोन्ही पेले तसेच होते. खुर्ची रिकामी होती. सुजाता चुलीकडे तोंड करून बसली होती. अण्णा दुसऱ्या दिवशी आले नाहीत, त्यानंतरही आले नाहीत.

त्या दिवसापासून घरात आईचा चेहरा दिसेनासा झाला. सुजाता पाठ करून काम करू लागली. बोलताना पदर तोंडावर ओढून घ्यायची, लेक खोलीत आली की काहीतरी स्तोत्र पुटपुटायला लागायची, म्हणजे मनात दुसरं काही यायला जागाच नको. तिला बिचारीला काय ठाऊक, की मान, खांदे, पायाची बोटं, सगळंच बोलतं. आईच्या पाठीवर ईशानीला ते स्पष्ट वाचता येत होतं. दूर हो. माया होती तिथे, ती कुठे गेली नव्हती. पण तिच्या वर, तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखी भीती धरली होती. आपल्याच घरात आपल्याला झाकायला जागा उरली नाही अशा माणसाची भीती.

आठव्या दिवशी ईशानीने रेगे मॅडमना फोन केला. हे विसरता येतं का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"समोर दुकानाची पाटी आहे ना?" मॅडम म्हणाल्या. "तिच्याकडे बघ आणि न वाचता राहून दाखव."

समोर पाटी होती. ईशानीने प्रयत्न केला. अक्षरं वाचून झालेलीच होती.

मग तिने विचारलं, की तुमच्या घरी कसं असतं. मॅडमनी अगदी मोकळेपणाने सांगितलं. त्या एकट्या राहतात. आई पुण्याला असते. रोज बोलतात, तासतासभर, पण फोनवर, आणि व्हिडिओ बंद ठेवून. "फार छान जमतं गं आमचं," त्या म्हणाल्या, आणि तो आवाज तोच होता, ज्या आवाजात हॉटेलच्या काउंटरवरून पाहुण्याला खोली तयार असल्याचं सांगतात.

दहाव्या दिवशी सकाळी ईशानी आंघोळ करून बाहेर आली आणि थबकली. चूल विझलेली होती. सहाही टेबलं पुसून भिंतीला लावलेली. सुजाता ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून खाटेवर बसली होती आणि पायाशी तिची बॅग होती, दोरीने बांधलेली. ती येणार नाही अशी ईशानीची खात्री झाली होती. गेले पाच दिवस दोघींनी त्या घराचं, खिडकीचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

सुजाताने तोंडावर पदर घेतला नाही. आज पाच दिवसांनी पहिल्यांदाच तिने लेकीकडे सरळ बघितलं.

"माझ्या तोंडावर तुला काय दिसतंय, ते मला ठाव हाय," ती म्हणाली. "भीती वाटतीया तुझी. पोटच्या पोरीची. झोप लागत न्हाई रात्रभर. खोटं कशाला बोलू, बोलून तरी काय उपेग? पण म्हणून काय झालं? मी येणार हाय. ने मला."

तिचा गळा, खांदे, पायाची बोटं, सगळं एकच सांगत होतं. दूर हो. आणि ते तसंच ठेवून ती बॅग भरून बसली होती. ईशानीला कळलं. जतच्या गृहस्थांना आई जशी वाढत आली, तशी आज ती स्वतःलाच आग्रह करत होती. आतल्या नकोवर ती भाकरी वाढत होती. ईशानीने फक्त वाकायचं होतं, दोरीला धरून बॅग उचलायची होती. पुढे काय व्हायचं ते होईल. भीती काय, हळूहळू निवली असती. नसती निवली तरी दोघी एका खिडकीशी बसल्या असत्या. आयुष्यात एवढी एकच गोष्ट तिला मनापासून हवी होती आणि ती समोर, हातभर अंतरावर होती.

ती वाकलीदेखील. पण हात त्या दिवशी भाकरीसकट वळला होता तसाच आपसूक वळला आणि तिने स्वतःची बॅग उचलली.

"नको आई," ती म्हणाली. आवाज इतका मऊ आणि इतका हसरा होता, की तो आपल्या तोंडातून आलाय हे तिला क्षणभर पटेना. "त्या घराचं रंगकाम अजून राहिलंय. तू उगाच दगदग करू नकोस. मी आधी जाऊन सगळं लावते आणि मग तुला कळवते."

एकही शब्द खरा नव्हता, आणि एकही शब्द चुकलेला नव्हता. आई नेमकं हेच ऐकायला आसुसली होती. सुजाताचे खांदे दोन बोटं खाली आले. गळ्याशी थडथडणारी शीर शांत झाली. पाच दिवस कोंडलेला श्वास सुटला आणि त्याबरोबर डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती सुटका खरी होती आणि ते रडूही खरं होतं, दोन्ही ईशानीला एकाच वेळी दिसत होतं. आता एकदा, फक्त एकदा, आई म्हणू दे की चल, काहीतरीच काय, मी येणार. ती दुसऱ्यांदा म्हणाली तर पाय अडतील, असं तिला वाटत होतं. ती दारात वाजवीपेक्षा जास्त वेळ चप्पल घालत राहिली.

"बरं," सुजाता म्हणाली. दुसऱ्यांदा तिने म्हटलं नाही.

रिक्षा गल्लीतून निघाली. ईशानी मागच्या फटीतून बघत होती. आई दाराबाहेर येऊन उभी राहिली होती. दहा पावलांवर तिच्या अंगावर सगळं वाचता येत होतं. वीस पावलांवर गळ्याची शीर दिसेनाशी झाली. तिसावर कानाच्या पाळ्या गेल्या, मग नाकपुड्या, मग खांद्यांची ठेवण, आणि औषधाच्या दुकानापाशी रिक्षा पोचली तेव्हा तिथे नुसती एक हिरव्या लुगड्यातली बाई उभी होती. मनात काय आहे ते न दिसणारी. चाहुलीच्या आधी होती तशी आई.

तिने हात वर केलेला होता आणि ती तो हलवत होती. जोरजोरात. निरोप देत होती, की परत बोलावत होती, हे एवढ्या लांबून कळत नव्हतं. ईशानीने डोळे ताणताण ताणले. रिक्षा वळली.